स्टेडियमवर नाव आमचं, मग झाकायला सांगणारे हे कोण?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. तुमच्या विमा कंपनीने एका स्टेडियमचे नेमिंग राइट्स, म्हणजे त्याला स्वतःचं नाव द्यायचे हक्क, दहा वर्षांसाठी घेतले, त्यातली तीन झाली, आणि आता दोन गोष्टी एकदम अंगावर आल्यात. तिथे खेळणाऱ्या लीगने 'ऑफिशियल इन्शुरन्स पार्टनर' म्हणून तुमच्या स्पर्धकाला घेतलंय, म्हणजे गेटवर तुमचं नाव आणि आत मैदानाच्या कडेने फिरणाऱ्या एलईडी बोर्डवर त्याचा लोगो. वर पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धा येतेय आणि आयोजक म्हणतात पाच आठवडे तुमचं नाव झाका, तिकिटावर नको, टीव्हीवर नको, नकाशातसुद्धा नको. साहेब म्हणतायत केस ठोका. तुम्ही विचारताय केस उभी राहील का.

मी अठरा वर्षं याच कामात आहे, आधी स्टेडियमवाल्यांच्या बाजूने कॉन्ट्रॅक्ट लिहायचो, आता बहुतेक वेळा स्पॉन्सरच्या बाजूला बसतो. तुमचं कॉन्ट्रॅक्ट मी पाहिलेलं नाही त्यामुळे हो किंवा नाही असं सरळ उत्तर देणार नाही, आणि कॉन्ट्रॅक्ट न बघता जो देईल त्याचं ऐकू पण नका. तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे: तुम्हाला नक्की कोणी सही करून दिली, 'एक्सक्लुझिव्ह' (म्हणजे तुमच्या क्षेत्रात फक्त तुम्हीच) या शब्दाची व्याख्या काय लिहिलीय, आणि स्पर्धा ज्या देशात आहे तिथे तिच्यासाठी वेगळा कायदा केलाय का.

पण खरा प्रॉब्लेम केसच्या आधी सुरू होतो. तुमच्या साहेबांना वाटतंय आपण स्टेडियम 'घेतलं'. तुम्ही घेतलंय ते एका माणसाचं वचन, की तो त्याच्या इमारतीला तुमच्या नावाने हाक मारेल. आता त्याच्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच तो तुम्हाला देऊ शकतो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एका मॅचच्या दिवशी त्याच जागेवर किती जणांचे हक्क एकावर एक रचलेले असतात बघा: इमारतीचा मालक (बऱ्याचदा महापालिका किंवा सरकारी संस्था), ती चालवणारी कंपनी, तिथली घरची टीम, टीम ज्या लीगमध्ये आहे ती लीग, मॅच दाखवणारं चॅनेल, आणि शेवटी खेळाडू, ज्याचे स्वतःचे वेगळे करार असतात. यातला प्रत्येक जण विमा कंपनीला काही ना काही विकू शकतो आणि प्रत्येक जण त्याला 'एक्सक्लुझिव्ह'च म्हणतो, आणि गंमत म्हणजे आपापल्या थरात ते खरंही असतं.

या थरांची मारामारी बघायची असेल तर डॅलस काउबॉइजचं १९९५ चं प्रकरण बघा. अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, म्हणजे एनएफएलचा, कोका-कोलाशी करार होता. काउबॉइजचे मालक जेरी जोन्स यांनी पेप्सीशी करार केला, पण टीमच्या नावाने नाही, टेक्सास स्टेडियमच्या नावाने. त्यांचं म्हणणं, लीगने टीमची नावं आणि लोगो विकलेत ना, स्टेडियम माझं आहे. पाठोपाठ नाइकीबरोबरही तसंच केलं. एनएफएलने ३० कोटी डॉलरचा दावा लावला, जोन्स यांनी त्याहून मोठा उलटा दावा लावला आणि १९९६ च्या शेवटी दोघांनी आपसात मिटवलं, जोन्स यांचे करार चालूच राहिले. कोर्टाने कोण बरोबर ते शेवटपर्यंत ठरवलंच नाही. मी नवीन पोरांना हे प्रकरण आधी शिकवतो, कारण लीगचा थर आणि इमारतीचा थर वेगळे आहेत ही गोष्ट इतकी स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. तुमच्या बाबतीत तेच आरशात उलटं झालंय, इमारत तुमच्याकडे आणि लीग स्पर्धकाकडे.

म्हणून लीगच्या पार्टनरबद्दल: लीगवर केस करायला तुमचा लीगशी करार पाहिजे. तो बहुधा नाहीये. स्पर्धकाने काही चोरलेलं नाही, त्याने पैसे मोजून त्याच्या थरातली वस्तू घेतली. उरला स्टेडियमचा मालक किंवा चालक. त्याने तुम्हाला काय लिहून दिलं? 'स्टेडियममध्ये विमा क्षेत्रातली दुसरी कुठलीही जाहिरात दिसणार नाही' असं असेल तर तुमचं पारडं जड आहे, कारण त्याने ते लीगकडून आधी कबूल करून घ्यायला हवं होतं. पण माझ्या अनुभवात तिथे एक छोटं शेपूट असतं, 'लीगच्या आणि स्पर्धेच्या नियमांच्या अधीन राहून'. हे सहा शब्द सही करताना कोणी वाचत नाही आणि तीन वर्षांनी सगळं भांडण त्यांच्यावरच येऊन थांबतं.

कॅटेगरीच्या व्याख्येचं पण सांगतो. मी एकदा एका बँकेसाठी करार वाचायला घेतला, 'बँकिंग' कॅटेगरी एक्सक्लुझिव्ह होती, सगळे खूश. दोन वर्षांनी स्टेडियमने मोबाइल वॉलेटवाल्याला स्टँडचं नाव विकलं. बँक चिडली, स्टेडियमवाला शांतपणे म्हणाला वॉलेट म्हणजे बँकिंग नव्हे, आणि कागदाप्रमाणे तो बरोबर होता. आता मी कॅटेगरी शब्दात लिहीतच नाही, कोणते प्रॉडक्ट्स आणि कोणत्या आठ-दहा कंपन्या चालणार नाहीत त्यांची यादी जोडतो आणि ती यादी दरवर्षी बदलता येईल असं कलम घालतो. तुमच्याकडे नुसतं 'इन्शुरन्स' असेल तर स्पर्धक नक्की कशाची जाहिरात करतोय ते नीट बघा, आरोग्य विमा, गाड्यांचा विमा, का म्युच्युअल फंड. शब्दाचा कीस पाडावाच लागतो इथे, लाजू नका.

नाव बदललं तर काय होतं याचंही एक उदाहरण आहे, नॅसकारचं. अमेरिकेतल्या त्या मोटार रेसिंगला नेक्स्टेल ही टेलिकॉम कंपनी टायटल स्पॉन्सर म्हणून आली, पुढे ती स्प्रिंट कंपनीत विलीन झाली, आणि टेलिकॉममध्ये तिला एक्सक्लुझिव्हिटी मिळाली. पण ३१ नंबरच्या गाडीवर आधीपासून सिंग्युलर या दुसऱ्या मोबाइल कंपनीचा लोगो होता, तेवढ्यापुरती सवलत ठेवली होती. २००७ मध्ये सिंग्युलरचं नाव एटी अँड टी झालं आणि नॅसकार म्हणाली सवलत सिंग्युलर नावाला होती, नवीन नाव गाडीवर चालणार नाही. खालच्या कोर्टाने एटी अँड टीच्या बाजूने तात्पुरता आदेश दिला, अपील कोर्टाने तो उडवला. का, तर ज्या करारावर एटी अँड टी बोट ठेवत होती तो नॅसकार आणि रेसिंग टीममधला होता, एटी अँड टी त्यात पक्षकारच नव्हती. शेवटी तडजोड झाली आणि लोगोला २००८ च्या सीझनपर्यंत मुदत मिळाली. तुमची कंपनी उद्या कोणात विलीन झाली किंवा नुसतं ब्रँडचं नाव बदललं तर स्टेडियमचं नाव आपोआप बदलतं का, कोणाच्या खर्चाने, हे पण त्याच कागदात शोधून ठेवा, आत्ता प्रश्न नसला तरी.

चॅनेलचा थर लोक कायम विसरतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला कॅमेऱ्याच्या फिल्मची अधिकृत कंपनी फुजी होती, कोडॅकने टीव्ही प्रक्षेपणात जाहिराती घेतल्या आणि अमेरिकेच्या ॲथलेटिक्स टीमला स्पॉन्सर केलं, बघणाऱ्याला वाटलं कोडॅकच अधिकृत. २०१६ ला ऑस्ट्रेलियात तेच, ऑलिम्पिक कमिटीचा टेलिकॉम पार्टनर ऑप्टस आणि प्रक्षेपण करणाऱ्या सेव्हन नेटवर्कबरोबर जाहिराती त्याच्या स्पर्धक टेल्स्ट्राच्या. कमिटी कोर्टात गेली आणि हरली, पुढच्या वर्षी अपिलातही हरली. टेल्स्ट्राने चॅनेलशी नातं सांगितलं, ऑलिम्पिकशी सांगितलं नाही, असं कोर्टाला दिसलं. तेव्हा कोणी 'संपूर्ण एक्सक्लुझिव्हिटी' विकायला आलं तर त्याला विचारा चॅनेलचं काय. बहुतेक जण तिथे विषय बदलतात.

खेळाडूंचा थर क्रिकेट बघणाऱ्यांना सांगायला नको. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या आधी आयसीसीने खेळाडूंकडून लिहून मागितलं की अधिकृत स्पॉन्सरच्या स्पर्धकांच्या जाहिराती स्पर्धेच्या काळात करणार नाही, आणि आपल्या मोठ्या खेळाडूंचे त्याच कंपन्यांशी आधीपासूनचे करार. आयसीसीने जे विकलं होतं त्यातला काही भाग तिच्या हातात नव्हताच. ते भांडण २००३ च्या वर्ल्ड कपपर्यंत चाललं.

आता नाव झाकण्याचं. साहेबांना सांगा की हे तुमच्याशी वैर म्हणून चाललेलं नाही, याला क्लीन स्टेडियम म्हणतात आणि मोठ्या स्पर्धांचा तो नेहमीचा नियम आहे. आयोजकाला जागा कोरी करून हवी असते, कारण त्याने स्वतःच्या स्पॉन्सरला 'आत फक्त तुम्हीच' असं विकलेलं असतं. म्युनिकचं अलियान्झ अरेना २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला 'फिफा वर्ल्ड कप स्टेडियम म्युनिक' झालं होतं. तीसुद्धा विमा कंपनीच, तेव्हा एकटं वाटून घेऊ नका. मँचेस्टर सिटीचं एतिहाद युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, मॅचला 'सिटी ऑफ मँचेस्टर स्टेडियम' असतं. लंडनचा ओटू अरेना २०१२ च्या ऑलिम्पिकला 'नॉर्थ ग्रिनिच अरेना' झाला. व्हँकुव्हरचं जीएम प्लेस २०१० ला 'कॅनडा हॉकी प्लेस'. २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी फिफाने अमेरिकेतल्या स्टेडियमना अशीच शहरांची नावं दिली, मेटलाइफचं 'न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम', लिव्हाइजचं 'सॅन फ्रान्सिस्को बे एरिया स्टेडियम'. यातले बहुतेक नेमिंग स्पॉन्सर तुमच्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत आणि त्यांनी नाव झाकू दिलं, कारण त्यांच्या करारात ते आधीच लिहिलेलं असतं, आणि पैशांचा हिशोबही त्याच वेळी झालेला असतो.

ही भिंत थोडी हलायला लागलीय हेही खरं. लॉस एंजेलिस २०२८ च्या आयोजकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की ऑलिम्पिकच्या ठिकाणांना पहिल्यांदाच कंपनीचं नाव चालेल, व्हॉलीबॉलचं होंडा सेंटर आपलं नाव ठेवणार आणि स्क्वॉशच्या जागेला कॉमकास्टचं नाव लागणार. पण त्या दोघी ऑलिम्पिकच्याही स्पॉन्सर झाल्यात आणि खेळाच्या प्रत्यक्ष जागेत जाहिरात नाही हा नियम तसाच आहे. म्हणजे नाव ठेवायचं तर वरच्या थरातही पैसे भरा. तुमच्या साहेबांना हा पर्याय आवडणार नाही पण आकडा विचारून तरी बघा. स्पर्धेची विमा कॅटेगरी अजून विकली गेली नसेल तर बोलणी होऊ शकतात, विकली असेल तर विषय बंद.

तुम्ही कॉन्ट्रॅक्टमध्ये शोधायचं ते असं. 'क्लीन व्हेन्यू' किंवा 'विशेष स्पर्धा' नावाचं कलम आहे का, त्यात दिवसांची मर्यादा आहे का, आणि त्या दिवसांचे पैसे परत मिळतात का. मी सुरुवातीला स्टेडियमच्या बाजूने एक करार लिहिला होता त्यात मुद्दाम दिवस लिहिले नव्हते, 'वाजवी कालावधी' एवढंच. पाच आठवड्यांच्या स्पर्धेसाठी नाव झाकलं गेलं अकरा आठवडे, कारण आधी तयारी, नंतर आवराआवर, आणि मधे कोणीतरी म्हणालं परत लावायचे पैसे कोण देणार. समोरचा स्पॉन्सर हात चोळत बसला. आज त्याची मला लाज वाटते पण शिकलो तिथूनच. आता मी चार गोष्टी आकड्यात लिहितो: झाकण्याचे जास्तीत जास्त दिवस, काढण्या-लावण्याचा खर्च कोणाचा, झाकलेल्या दर दिवसाला किती रक्कम वजा, आणि वर तेवढेच दिवस कराराच्या शेवटी जोडून. बाहेरच्या रस्त्यावरच्या पाट्या, मेट्रोतली घोषणा, ऑनलाइन नकाशा यांचं वेगळं लिहितो, कारण त्या बऱ्याचदा स्टेडियमच्या मालकाच्या ताब्यात नसतात.

यातलं काहीच तुमच्या करारात नसेल, म्हणजे नाव दहा वर्षं अखंड राहील असं लिहिलंय आणि सूट कुठेच नाही, तर केस उभी राहते, पण मालकावर, आयोजकावर नाही. फिफा विरुद्ध मास्टरकार्ड आठवा. मास्टरकार्डकडे पुढच्या वर्ल्ड कपची स्पॉन्सरशिप आधी आपल्याला विचारायची असा लेखी हक्क होता, फिफाने व्हिसाशी करार केला. डिसेंबर २००६ ला न्यूयॉर्कच्या कोर्टाने फिफाला चांगलं झापलं आणि मास्टरकार्डच्या बाजूने निकाल दिला, पुढे अपील वगैरे होऊन २००७ मध्ये फिफाने ९ कोटी डॉलर देऊन मिटवलं. पैसे घसघशीत, पण वर्ल्ड कप शेवटी व्हिसाकडेच गेला हे लक्षात घ्या. आणि मास्टरकार्ड जिंकली ती समोरच्याची सही असलेल्या कागदावर. स्पर्धेला दोन महिने उरले असताना तुम्ही मनाई हुकूम मागायला गेलात तर ते वरातीमागून घोडं, कोर्ट विचारेल नुकसान पैशात मोजता येतं ना, मग स्पर्धा कशाला अडवू.

आता एक इशारा, कारण चिडलेल्या मार्केटिंग टीम काय करतात ते मी पाहिलंय. नाव झाकलं म्हणून बाहेर रस्त्यावर छत्र्या वाटणं, प्रेक्षकांना टी-शर्ट देणं, 'तुम्हाला माहितीये हे कोणाचं घर आहे' असली कॅम्पेन, हे आत्ता करू नका. त्याला ॲम्बुश मार्केटिंग म्हणतात. पेप्सीने १९९६ च्या क्रिकेट वर्ल्ड कपला 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत कोका-कोलाची मजा केली आणि सगळ्यांना ती जाहिरात आठवते हे खरं. पण पेप्सी तेव्हा बाहेरची होती, तिचा कोणाशी करार मोडत नव्हता. तुम्ही स्टेडियमच्या आत आहात, तुमच्या अशा उद्योगामुळे मालकाचा आयोजकाशी करार मोडला तर त्याची भरपाई तो तुमच्याकडे मागेल. २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला श्टुटगार्टमध्ये बव्हारिया बिअरच्या केशरी पँट घालून आलेल्या शेकडो डच प्रेक्षकांना त्या गेटवर काढायला लावल्या, काहींनी आतल्या कपड्यांवर मॅच बघितली. २०१० च्या वर्ल्ड कपला त्याच ब्रँडच्या केशरी ड्रेसमधल्या ३६ बायकांना जोहान्सबर्गमध्ये बाहेर काढलं आणि दोघींना अटक झाली, नंतर खटला मागे घेतला. तिथे त्यासाठी कायदा होता. जिथे नाही तिथे गणित वेगळं: दिल्ली हायकोर्टाने २००३ मध्ये क्रिकेट वर्ल्ड कपची तिकिटं बक्षीस देणाऱ्या फिलिप्सच्या जाहिरातीवर आयसीसीला मनाई दिली नव्हती, कारण अधिकृत लोगो वापरलेला नव्हता आणि आपण स्पॉन्सर आहोत असंही कुठे म्हटलं नव्हतं. म्हणून सुरुवातीला म्हटलं, देश कोणता ते बघावं लागेल.

आणि आयोजकाच्याही वर कोणीतरी असतंच, यजमान सरकार. २०२२ ला कतारमध्ये फुटबॉल वर्ल्ड कप सुरू व्हायच्या दोन दिवस आधी स्टेडियमच्या आवारात बिअर विकायची नाही असं ठरलं. बडवायझर अधिकृत स्पॉन्सर, पैसे भरलेले, माल पोचलेला.

एक आडवाट. सध्या तुम्ही चिडलेले आहात म्हणून तुम्हाला स्टेडियमवाला एकटाच खलनायक वाटतोय, पण त्याची पण फजिती होते. ह्यूस्टनच्या बेसबॉल मैदानाला एन्रॉनचं नाव होतं, १९९९ ला तीस वर्षांसाठी दिलेलं. कंपनी डिसेंबर २००१ ला दिवाळखोरीत गेली आणि टीमने स्वतःच्याच मैदानावरचं नाव उतरवायला २१ लाख डॉलर मोजले. मायामीच्या अरेनाला एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीचं नाव १९ वर्षांसाठी लागलं होतं, कंपनी बुडाली आणि दोन वर्षंही पुरली नाहीत. म्हणूनच हल्ली स्टेडियमचे वकील 'बदनामी झाली तर नाव काढू' असं कलम घालतात. ते दोन्ही बाजूंनी लागू आहे का बघा, उद्या मालकाच्या भानगडी बाहेर आल्या तर तुम्हालाही बाहेर पडता आलं पाहिजे. आणि चाहत्यांचं काय ते न्यूकॅसल या इंग्लिश फुटबॉल क्लबने दाखवलंय: त्यांच्या सेंट जेम्स पार्क मैदानाचं २०११ मध्ये स्पोर्ट्स डायरेक्ट अरेना केलं, लोक खवळले, पुढच्या वर्षी वोंगा या कर्ज देणाऱ्या कंपनीने नेमिंग राइट्स घेतले आणि जुनं नाव परत दिलं.

तर तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात असं केलं असतं. केसची भाषा न करता मालकाला एक साधं लेखी पत्र, त्यात कलम नंबर टाकून विचारायचं: लीगचा पार्टनर आमच्या एक्सक्लुझिव्हिटीत कसा बसतो, आणि पाच आठवड्यांचा हिशोब तुम्ही कसा करणार. उत्तरासाठी पंधरा दिवस. पैसे परत मागण्याआधी दुसरं काय मिळू शकतं याची यादी हातात ठेवा, म्हणजे झाकलेल्या दिवसांच्या दुप्पट मुदतवाढ, बाकीच्या वर्षभर ज्या बोर्डांवर लीगचा हक्क नाही ते तुम्हाला फुकट, तिकिटांचा कोटा. मालकाला रोख द्यायला जड जातं, बोर्ड द्यायला जात नाही. माझ्या हातून गेलेल्या अशा भांडणांपैकी कोर्टात निकालापर्यंत फक्त दोन पोचली, बाकी सगळी अशाच यादीवर मिटली.

आणि मालकाला एक तारीख विचारा. स्पर्धेची बोली लावताना स्टेडियम कोरं करून देऊ असं हमीपत्र मालकाने सही करून दिलेलं असणार, ते बऱ्याचदा स्पर्धेच्या चार-पाच वर्षं आधी होतं. तुमचा करार तीन वर्षांपूर्वीचा. त्याची सही तुमच्या आधीची असेल आणि नाव विकताना त्याने ते सांगितलं नसेल, तर मी वर जे सबुरीचं सांगितलं ते बाजूला ठेवा आणि साहेबांना सांगा वकील शोधायला. तारीख कळली की इथे लिहा, आणि जमलं तर ते एक्सक्लुझिव्हिटीचं कलम कंपनीची नावं खोडून टाका, मग पुढचं सांगतो.